एकशे चाळीस कोटींचा छेद

१८ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री ढाक्यात बांगलादेशने भारताला फुटबॉलमध्ये १-० ने हरवलं. क्रमवारीत आपल्यापेक्षा बराच खाली असलेला संघ, आणि त्याच्याकडून २२ वर्षांनी झालेला पराभव. थोड्या वेळात कॉलेजच्या ग्रुपवर मीम आलं: ‘१४० कोटींचा देश, आणि बॉल मारता येणारे ११ जण मिळत नाहीत.’ मी हसण्याचे तीन इमोजी टाकले आणि तेच मीम ऑफिसच्या ग्रुपवर ढकललं. मॅच मी पाहिली नव्हती. संघातल्या चार जणांची नावं विचारली असती तर तिसऱ्यावर अडखळलो असतो.

त्याच दिवशी दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला होता. पोडियमवर आणि पार्किंगमध्ये चेंडूने खेळायला मनाई, गाड्यांचं नुकसान होतं, पालकांनी मुलांना समज द्यावी. खाली अंगठ्यांची रांग होती. त्यात एक माझा. एका कॉलवर असताना अर्धवट वाचून दिलेला. आमची सोसायटी कल्याण-शीळ रस्त्याला आहे, माझी बाइक खालीच असते, तिचा आरसा एकदा फुटला होता. त्यामुळे फार विचार करायची गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचा मुलगा भेटला. अकरा वर्षांचा असेल. प्लास्टिकच्या पिशवीत बॉल होता.

“दादा, आता कुठे खेळायचं?”

“ग्राउंडवर जा ना.”

“कुठल्या ग्राउंडवर?”

तळमजला आला आणि मी सुटलो. स्टेशनला जाताना रिक्षात फोन उघडला तर बातमी होती: कुरासाव नावाचं कॅरिबियन बेट २०२६ च्या वर्ल्ड कपला पात्र ठरलं. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आजवर वर्ल्ड कपला पोचलेला हा सगळ्यात लहान देश. ग्रुपवर नवं मीम यायला वेळ लागला नाही. एका बाजूला दीड लाख, दुसऱ्या बाजूला १४० कोटी. या वेळी मात्र माझं बोट थांबलं. लिफ्टमधला प्रश्न अजून डोक्यात होता.

हा लेख त्या थांबलेल्या बोटाबद्दल आहे. हरणाऱ्या संघावर हसायचा हक्क कोणाला असतो? आणि ज्याला आपण ‘आपला’ म्हणतो, त्या संघाचं आपण काही देणं लागतो का?

*

आधी माझ्या एकमेव पुण्याईची गोष्ट सांगतो, कारण बरीच वर्षं मी तिच्यावरच जगलो.

जून २०१८. थर्ड इयरचे पेपर संपले होते. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप सुरू होता. १ जूनला भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं. सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. पाहायला जेमतेम अडीच हजार माणसं होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. हात जोडून तो सांगत होता, स्टेडियममध्ये या. तुम्ही युरोपातल्या क्लबांचे चाहते आहात आणि आमचा खेळ त्या दर्जाचा नाही, हे त्याने आधीच मान्य केलं होतं. इंटरनेटवर शिव्या देण्यात मजा नाही, समोर येऊन द्या, आमच्यावर ओरडा, एक दिवस कदाचित आम्ही तुमचं मत बदलू, असं त्याचं म्हणणं होतं. विराट कोहलीने तो व्हिडिओ शेअर केला आणि देशभर पसरला.

४ जूनला, सोमवारी, केनियाविरुद्धच्या मॅचची तिकिटं संपली. आम्ही चौघे डोंबिवलीहून फास्ट लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने आझाद नगरला गेलो. छेत्रीची ती शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच. पाऊस असा की मैदानावर बॉल घरंगळण्याऐवजी पाण्यात रुतत होता. पहिल्या हाफमध्ये गोल नाही. दुसऱ्या हाफमध्ये छेत्रीने पेनल्टी मारली, लगेच जेजे लालपेखलुआने दुसरा गोल केला, शेवटी छेत्रीने तिसरा. आम्ही नखशिखांत भिजलो होतो, घसे बसले होते. त्या रात्रीचा फोटो दोन वर्षं माझा डीपी होता.

७ जूनला भारत न्यूझीलंडकडून १-२ ने हरला. त्या मॅचला मी गेलो नाही. १० जूनच्या फायनललाही नाही. ती घरी टीव्हीवर पाहिली. त्यानंतर आजपर्यंत मी भारताची एकही मॅच स्टेडियममध्ये पाहिलेली नाही.

म्हणजे मी गेलो तो छेत्रीने हात जोडले म्हणून. एखाद्याने इतकं कळवळून बोलावल्यावर लग्नाला जाऊन यावं, तसं. आहेराचं पाकीट दिलं, फोटो काढला, घरी आलो.

*

ऑफिसात माझ्या शेजारी लिव्हरपूलचा कट्टर चाहता बसतो. चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीड वाजता उठणारा, दुसऱ्या दिवशी स्टँडअपला जांभया देणारा. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, वेळ माझा, डेटा माझा. चांगलं दाखवा, बघतो. तू लिहिलेलं अ‍ॅप क्रॅश व्हायला लागलं तर युजर अनइन्स्टॉल करतोच ना? तू हात जोडून व्हिडिओ टाकतोस का?”

हा मुद्दा मला सहज खोडता येत नाही. कोणी वाईट फुटबॉल पाहायलाच हवं, असं म्हणणं जबरदस्ती आहे. त्यात देशाचं नाव घातलं की ती आणखी वाईट जबरदस्ती होते. अमुक पाहत नाहीस म्हणजे तुझं देशावर प्रेम नाही, या वाक्याचा शेवट कुठे होतो ते आपण रोज पाहतो. छेत्रीने मात्र तसं केलं नाही. त्याने कोणाच्या देशप्रेमाचा हिशोब मागितला नाही. आम्ही कमी पडतो हे कबूल करून त्याने विनंती केली. विनंती नाकारायचं स्वातंत्र्य असतं, म्हणूनच ती विनंती.

पण मित्राच्या उपमेत एक गोष्ट बसत नाही. अ‍ॅप अनइन्स्टॉल करणारा युजर ‘आपलं अ‍ॅप’ म्हणत नाही. तो गेला की गेला. आपण मात्र कधीच पूर्ण जात नाही. जिंकल्यावर परत येतो.

मराठीत यासाठी सोयीचे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. ४ जूनच्या रात्री लोकलमध्ये आम्ही अनोळखी माणसांना ओरडून सांगत होतो, ‘आपण जिंकलो!’ ढाक्यानंतर मी लिहिलं होतं, ‘हे लोक हरले.’ सात वर्षांत मी तेवढं सर्वनाम बदललं होतं.

आणि हे आजच्या जिंकण्या-हरण्यापुरतंच नाही. भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की सुवर्णकाळ काढायला आपल्याला आवडतं. तो होताच. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून सुवर्ण. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवताना तीन गोल केले नेव्हिल डिसूझाने. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा हा माणूस ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. कूपरेजवरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण हे नाव मला पंचविशीनंतर कळलं.

मग १९६२, जकार्ता. भारतीय अधिकाऱ्याने इस्राएल आणि तैवानला वगळण्यावर आक्षेप घेतला म्हणून तिथला जमाव भारतावर चिडलेला. फायनल दक्षिण कोरियाशी. जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना खेळला, तोही बचावफळी सोडून पुढे, आणि त्याने गोल केला. दुसरा पी. के. बॅनर्जींचा. भारत २-१ ने जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कॅन्सरने आजारी होते. नऊ महिन्यांनी, जून १९६३ मध्ये ते गेले. पेशाने ते मूळचे हैदराबादचे शिक्षक. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा सिनेमा २०२४ मध्ये आला.

सगळं स्टेडियम विरोधात ओरडत असताना, आणि देशात बहुतेक कोणाच्याच घरी टीव्ही नसताना ही माणसं खेळली. त्यांचं सुवर्णपदक आज आपण ‘आपलं’ म्हणून सांगतो. वडिलोपार्जित घर नावावर करून घेताना त्याच्यावरचं कर्जही नावावर येतं. फक्त गॅलरी माझी आणि हप्ते काकांचे, असं होत नाही. १९६२ ‘आपलं’ असेल तर २०२५ सुद्धा आपलंच आहे.

*

आता त्या मीमकडे परत येतो. १४० कोटींत ११ मिळत नाहीत. शाळेतल्या अपूर्णांकासारखं हे मांडलं तर अंशात ११ आणि छेदात १४० कोटी. उत्तर इतकं लाजिरवाणं छोटं येतं की हसू येणारच.

पण छेद चुकला आहे. खेळाडू लोकसंख्येतून निघत नाहीत. आठ ते चौदा या वयात ज्यांना बॉल मिळाला, जागा मिळाली, शिकवणारं कोणी मिळालं आणि नियमित मॅचेस मिळाल्या, त्यांच्यातून ते निघतात. ऑफिसात आम्ही याला फनेल म्हणतो. वरून किती ओतलं यापेक्षा मध्ये कुठे गळलं ते बघायचं.

कुरासावचं उदाहरण घ्या. बेटाची लोकसंख्या दीड लाख, पण त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तिथल्या क्लबांच्या अकादम्यांत घडले. त्यांचा खरा छेद युरोपातल्या सर्वोत्तम व्यवस्थांपैकी एक आहे. म्हणजे दीड लाखाचं मीमही तितकंच चुकीचं. आइसलँडचं बघा. तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास लोकसंख्या, आणि ज्या जूनमध्ये मी अंधेरीत भिजत होतो त्याच जूनमध्ये त्यांनी वर्ल्ड कपला अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी बर्फातही खेळता यावं म्हणून बंदिस्त मैदानं बांधली होती आणि लहान मुलांनाही प्रशिक्षित कोच दिले होते.

लांब कशाला, भारतातच बघा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या सुमारे ११ लाख. त्याच जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची सुमारे साडेबारा लाख. त्या मिझोरामने जेजे दिला, लालियानझुआला छांगटे दिला. तिथल्या ऐझॉल एफसीने २०१७ मध्ये आय-लीग जिंकली. मणिपूरची लोकसंख्या तेव्हा २८ लाखांच्या आसपास. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपसाठीच्या भारताच्या २१ जणांच्या संघात ८ मुलं मणिपूरची होती. गंमत म्हणजे ऐझॉलला ती लीग जिंकून देणारा प्रशिक्षक खालिद जमील मुंबईत खेळलेला आणि इथल्याच क्लबला अनेक वर्षं शिकवलेला. ढाक्यातही भारताचा प्रशिक्षक तोच होता.

साडेबारा लाखांच्या आमच्या शहरातून ११ सोडा, एक तरी? मला एकही नाव आठवेना. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की त्या मीममधला १४० कोटी हा आकडा किती सोयीचा आहे. इतक्या मोठ्या छेदात कोणीच दिसत नाही, मीही नाही. सगळं अपयश वरच्या ११ जणांवर येतं. खरं तर ते अकरा जण त्या फनेलमधून कसेबसे खाली पोचलेले. जे गळले त्यांच्याबद्दल विचारायचं, तर आपण पोचलेल्यांना हसतो.

अशीच सोयीची दुसरी गोष्ट म्हणजे १९५० चा वर्ल्ड कप. भारत पात्र ठरला होता, पण अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून गेला नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. अनवाणी खेळणं खरं होतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १-२ ने हरताना आपले बरेच खेळाडू अनवाणीच होते. पण ब्राझील खर्चाचा मोठा भाग उचलायला तयार असताना संघ गेला नाही, यामागे मुख्य गोष्ट अशी की आपल्या फेडरेशनला तेव्हा वर्ल्ड कपचं महत्त्वच वाटत नव्हतं. ऑलिंपिक त्यांना मोठं वाटायचं. अनवाण्यांच्या गोष्टीत दोष फिफाचा असतो आणि मीममध्ये अकरा जणांचा. दोन्हीकडे आपण प्रेक्षकात बसलेलो.

*

सगळा दोष माझ्या सोसायटीचा, असं मी म्हणत नाही. ते उलट्या बाजूचं ढोंग होईल. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपावरून आपल्या फेडरेशनला काही दिवस निलंबित केलं होतं. ढाक्याची मॅच झाली तेव्हा आयएसएलचा हंगाम सुरूही झाला नव्हता, कारण कराराचा तिढा सुटला नव्हता. त्याआधी महिनाभर मडगावात सिंगापूरकडून १-२ ने हरून २०२७ च्या आशियाई कपचं दार बंद झालं होतं. यावर टीका व्हायलाच हवी. छेत्रीनेही टीका थांबवा असं म्हटलं नव्हतं. समोर येऊन करा, एवढंच म्हटलं होतं.

समोर येणं म्हणजे स्टेडियमचं तिकीट काढणं एवढंच, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, ज्यावर बोलतोय ते माहीत करून घेणं, आणि त्यात माझा हात कुठे आहे ते बघणं. यात मी किती कच्चा आहे त्याचा एक पुरावा देतो.

जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई कप आमच्याच भागात झाला. भारताची पहिली मॅच २० जानेवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, इराणविरुद्ध ०-०. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर भारतीय संघात कोविड पसरला. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध किमान १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. मॅच रद्द झाली, आणि नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं. वर्ल्ड कपला जायची वाट तिथेच संपली. घरच्या मैदानात, एकही मॅच न हरता. हे मला दोन वर्षांनी कळलं. त्या आठवड्यात घरूनच काम करत होतो, दुपारभर फोन हातात होता.

त्याच मुली जुलै २०२५ मध्ये चियांग माईला गेल्या आणि थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई कपला पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून तिथे पोचायची ही पहिलीच वेळ. मी ‘१४० कोटींत ११ मिळत नाहीत’ हे मीम ढकललं तेव्हा, चार महिन्यांपूर्वीच, ११ मिळाल्या होत्या. माझ्या छेदात अर्धी लोकसंख्या होती, पण अंशात मी तिला धरलंच नव्हतं.

*

तर मग मी काय देणं लागतो?

मॅच पाहणं हे कर्तव्य आहे, असं मला अजूनही वाटत नाही. लिव्हरपूलवाल्या मित्राने रात्री दीडला खुशाल उठावं. हसण्यालाही माझी हरकत नाही. आपल्या माणसांवर आपण हसतोच, आमच्या घरी तर रोज हसतो. पण घरातल्या माणसावर हसणारा त्याच घरात राहत असतो. घराबाहेर राहून हसायचं असेल तर ‘आपण’ म्हणणं सोडून द्यावं, जिंकल्यावरसुद्धा. आणि ‘आपण’ म्हणायचं असेल तर भागाकार करताना छेदात स्वतःला मोजावं. माझ्या आसपास, माझ्या अंगठ्याच्या टप्प्यात, फनेल कुठे गळतंय ते बघावं. एवढं देणं मला मान्य आहे.

माझ्या बाबतीत ते पोडियमवर गळत होतं. डिसेंबरच्या मीटिंगला गेलो. सोसायटीत राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. म्हटलं, माझा अंगठा मागे घेतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, गाडीची काच फुटली तर भरून कोण देणार? प्रश्न रास्त होता. त्यांच्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. एक काकू म्हणाल्या, संध्याकाळी सातनंतर आवाज नको, सासूबाई आजारी असतात. तेही रास्त. तासभर वाद झाला. सगळं माझ्या मनासारखं झालं नाही. शनिवार-रविवार सकाळी सात ते नऊ, पोडियमच्या मागच्या भागात, जाळी लावून, आणि कोणीतरी मोठं माणूस हजर असलं तर, असं ठरलं. जाळीचा खर्च पाच-सहा घरांनी मिळून केला.

मोठं माणूस सध्या मी आहे. दोन तासांत तेवीस मुलं असतात, त्यांत सहा मुली. मला शिकवता काही येत नाही. बॉल जाळीबाहेर गेला की आणून देतो आणि भांडणं सोडवतो. यांच्यातून कोणी भारतासाठी खेळेल असं मला वाटत नाही. आठवड्याला चार तास आणि फरशीचं मैदान, त्यात काय होणार? पण आता या शहराच्या छेदात ती तेवीस मुलं आहेत. नोव्हेंबरात नव्हती.

मागच्या रविवारी बॉल जाळीवरून उडून पार्किंगमध्ये गेला आणि माझ्याच बाइकच्या नव्या आरशावर आदळला. सगळी एकदम गप्प झाली. सातव्या मजल्यावरचा मुलगा हळूच म्हणाला, “दादा, सॉरी. आता बंद करणार का?”

आरसा पाहिला. तडा गेला होता, पण दिसत होतं.

“नऊला अजून वीस मिनिटं आहेत,” म्हटलं, आणि बॉल परत टाकला.